यंदाची सूट

क्लाइड अंगोलाच्या समुद्रात तेलविहिरीवर कामाला आहे. महिनाभर तिकडे, महिनाभर लुईझियानातल्या आमच्या होमा गावात. दर मार्चमध्ये तो माझ्याकडे कराचा फॉर्म भरून घ्यायला येतो आणि तेच भांडण उकरून काढतो, “कमाई परदेशातली, मग अमेरिकेला कर कशाला? मला सूट का नाही?”

यंदा तो बसायच्या आत मीच तोंड सोडलं. “सूट बिऱ्हाड तिकडे असणाऱ्यांना मिळते रे बाबा! तुझी बायको मेलनी इथे, घर इथे, कुत्रा इथे. तिकडे तू नुसता कामाला जातोस. दरवर्षी काय नव्याने सांगायचं?”

त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“गेलं वर्षभर सुट्टीतही तिकडेच होतो. लुआंडात खोली घेतलीय.”

“आणि मेलनी?”

“घटस्फोटात घर तिला गेलं. कुत्राही.”

मी आकडेमोड केली. मग म्हटलं, “मिळेल बघ यंदा. जवळजवळ सगळा कर माफ.”

वाटलं, एवढ्याने तरी हसेल.

“अर्लीन,” तो म्हणाला, “ती सूट घ्यावीच लागते का?”