खिडकीतली कुंडी

"सोमवारपर्यंत जखम आटोक्यात आली नाही, तर पाऊल काढावं लागेल," डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. "महिनाभर गोळ्या चालू आहेत. तुमच्या आईच्या जखमेतले जंतू औषधाला दादच देत नाहीत."

तेव्हापासून लेकीच्या जिवाला थारा नव्हता.

झाडपाल्यातून जंतू मारणारी द्रव्यं वेगळी काढणं, हे तिचं रोजचंच काम. पण आज प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत वाढलेले जंतू आईच्या जखमेतले होते आणि पाला आईच्या खिडकीतल्या कुंडीतला. त्या पाल्याच्या अर्काभोवती जंतूंचा मागमूसही उरला नव्हता.

"आणि शेजारणीकडच्या पाल्याचा अर्क?" तिने विचारलं.

"ढिम्म. रोपवाटिकेतल्याचंही तेच," सहकारी म्हणाला. "झाडाची जात एकच, पण चालतो तो फक्त मावशींकडचा. फारच लाडावून ठेवलंय वाटतं त्यांनी झाडाला!"

तिला हसू आलं नाही.

"तुलनेला बशीत मावशींची गोळीही ठेवू या?" त्याने विचारलं.

"कशाला? तिचा काही उपयोग नाही, हे महिनाभर बघतेय मी."

"मग मूळ तरी घेऊन ये. पानांत एवढं आहे, तर मुळात ठासून भरलेलं असेल."

घरी आई खिडकीपाशी बसली होती. बांधलेलं पाऊल स्टुलावर, खोलीभर जखमेचा वास. लेकीने सवयीने गोळी आणि पाणी पुढे केलं.

"ठेव तिथे. घशात अडकते मेली. तू हातपाय धू, मी घेते."

ती परत आली तेव्हा पेला रिकामा होता. आई रुमालाला बोटं पुसत होती.

"आई, मला हे झाड हवंय. मुळासकट."

आईचा चेहरा पांढराफटक पडला. "पानं ने की हवी तेवढी. कुंडीला हात लावू नकोस."

"अगं, पाऊल जाईल तुझं!" लेकीचा आवाज चिरकला. "भीतीने झोप उडालीये माझी, आणि तू एका झाडाचं काय घेऊन बसलीस?"

आई खिडकीबाहेर बघत राहिली.

लेकीने जमिनीवर वर्तमानपत्र पसरलं, कुंडी उपडी केली आणि मातीचं ढेकूळ फोडलं.

मुळांच्या जाळ्यात पांढऱ्या गोळ्या अडकल्या होत्या. बऱ्याचशा विरघळून झिजलेल्या, आणि एक अजून कोरडी, अख्खी, आत्ताच दिलेली.