टाके मुरेपर्यंत

बायकांच्या तब्येतीच्या नावानं पगार खाणाऱ्यांनो, स्वरूपाला तुम्ही दोन वर्षं दारातून हाकललंत. शिंकली की पातळ ओलं, हसली की ओलं, घागर उचलली की ओलं. तुमचं उत्तर एकच. बाळंतपणानंतर व्हायचंच.

बाळंतपण! तीन दिवस अडली होती ती, आणि शेवटी हातात मेलेलं पोर.

पळसदेवच्या विहारात वंदनेला ती उंबऱ्याशी बसायची, पटकन उठून जाता यावं म्हणून. नवरा दीपक कधी काही बोलला नाही. तीच अंथरूण वेगळं टाकायची. तिला कोरडं व्हायचं होतं आणि पुन्हा एक पोर हवं होतं. बास, एवढंच.

अखेर तिचं ऐकून घेतलं ते गावच्या नर्सनं, प्रयागबाईनं. लघवीच्या पिशवीचा गळा ढिला पडलाय, टाके घालून वर बांधतात, बारामतीच्या शिबिरात फुकट होईल, असं तिनं नीट समजावलं. फक्त मार्च संपायच्या आत यायला हवं. साल चौऱ्याण्णव.

"बाई, मग पोराचं?" स्वरूपानं विचारलं.

"आधी हे तर उरकू दे."

जीप आली ती बायकांनी भरलेली. साऱ्यांच्या मांडीवर पोरं, हिचीच मांडी मोकळी. शिबिरात तिनं कोऱ्या फॉर्मवर सही केली. बाकीचं मी भरते, प्रयागबाई म्हणाली. परतताना बेंबीखाली बोटभर टाका आणि हातात भेट म्हणून स्टीलची नवी घागर. शिबिरात मिळालेलं ऑपरेशनचं कार्ड मात्र प्रयागबाईनं ठेवून घेतलं. तू भिजवशील, म्हणाली, आणि हसली.

महिन्यानं स्वरूपानं तीच घागर भरून उचलली. पातळ भिजलं.

टाके मुरायला वेळ लागतो, असं प्रयागबाईनं सांगितलं. स्वरूपा थांबली. तीन वर्षं थांबली. पोरही राहिना. बारामतीस्नं घागर तेवढी कमावून आणलीस, असं सासू फुलाबाई येताजाता ऐकवायची.

सत्त्याण्णव साली इंदापूरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. लघवीच्या वाटेला कुणी हातसुद्धा लावलेला नाही, म्हणाल्या. तेव्हाचे कागद आणा.

स्वरूपा उपकेंद्रात गेली. प्रयागबाईनं कपाट उघडलं, कार्ड काढलं आणि ते द्यायचं सोडून हातातच धरून बसली. स्वरूपानं ओढून घेतलं. सातवी पास होती ती.

'कुटुंबनियोजन शस्त्रक्रिया. हयात अपत्ये: दोन.'

तिनं कार्ड टेबलावर ठेवलं.

"बाई, माजी ही दोन लेकरं कुठं हायत? सांगा."