दक्षिणेचं आभाळ

साक्रीतल्या घराच्या परसात रूपा दिवेलागणीलाच ट्रायपॉड घेऊन फिरत होती. आज अमावस्या, रात्री आकाशगंगेचा फोटो काढायचा बेत होता. पूर्वेला शेजाऱ्यांचा नवा मजला, पश्चिमेला पाण्याची टाकी. उघडी राहिली ती दक्षिण, आणि तिथं मधोमध पेरूचं झाड. बाळ गेल्यापासून सुनेनं पहिल्यांदाच कशात तरी मन घातलं, म्हणून झुलालआबा कोयता घेऊन आले. “फांद्या तोडस, बेटा. तुनं आभाळ मोकळं व्हई.” तिनं धावत जाऊन त्यांचा हात धरला. “नको, आबा! बाळाची नाळ पुरलीय तिथं.” “मालूम शे. मीच पुरेल शे. झाड दखीसन तू रोज रडस, म्हनीसनच तोडस.” “रडू द्या. बाळाचं वाढणं मला तेवढंच दिसतंय.” आबांनी कोयता भिंतीला टेकवला आणि ट्रायपॉड उचलला. “मंग हाई कोठे मांडू? झाड बठ्ठं, बुडपासून शेंडालगून, दिसाले पायजे ना?”