हळू आवाजात

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झालं आणि वृंदाला एका जागी बसवेना. पाच वर्षांच्या मुक्ताचे दोन्ही कान आतून चिकट पाण्याने भरले होते. ते पाणी काढून कानाच्या पडद्यांत बारीक नळ्या बसवायच्या होत्या. "अगदी छोटं ऑपरेशन आहे," डॉक्टर म्हणाले होते. पण आत नेताना मुक्ताने आईचं बोट सोडलंच नव्हतं, ओढून काढावं लागलं.

"बस गं जरा," नवरा म्हणाला.

"आणि नाहीच आलं ऐकू, तर?"

ती दारापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली. वर्षभर सगळं घर मुक्ताशी ओरडूनच बोलत होतं. शाळेतल्या बाईंनी तर पोरगी मंद आहे असं सांगून टाकलं होतं आणि तेव्हापासून वृंदाच्या मनात तीच धास्ती होती.

अखेर दार उघडलं. "छान झालं सगळं," म्हणत डॉक्टर पुढे गेले. मुक्ताला खाटेवर आणून झोपवलं. थोड्या वेळाने ती ग्लानीतच रडायला लागली. वृंदा धावली आणि सवयीने मोठ्यांदा म्हणाली, "मुक्ता! दुखतंय का बाळा?"

मुक्ता दचकली. दोन्ही कानांवर हात ठेवून कळवळली, "आई, ओरडू नको ना!"

वृंदा उशीजवळ वाकली.

"पाणी देऊ?" तिने कुजबुजत विचारलं.

डोळे न उघडताच मुक्ता म्हणाली, "आइस्क्रीम."