माझ्यासाठी हटवा

मेसेज गेला आणि मग तिने वरचं नाव बघितलं. ताईला पाठवायचा होता. गेला होता 'गोतावळा'वर, म्हणजे सासरच्या सगळ्या माणसांच्या ग्रुपवर.

"सासूबाईंना दुसरा उद्योगच नाही. मी घरात पाऊल टाकलं की पिशवीत काय आणलं ते बघायला दारात हजर. नुसतं डोकं उठवतात. कधी कधी वाटतं, जादा ड्यूटी घ्यावी, पण घरी जाऊ नये."

घाईघाईने ती मेसेज काढायला गेली आणि 'सगळ्यांसाठी हटवा'च्या ऐवजी 'माझ्यासाठी हटवा'वर बोट पडलं. झालं. तिच्या फोनवरून मेसेज नाहीसा झाला आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर तसाच राहिला. आता तो कुणी वाचला, कुणी नाही, हेही तिला दिसेना. नवरा ग्रुपचा अ‍ॅडमिन, त्याला तो काढता आला असता. पण तो विमानात होता, संध्याकाळशिवाय उतरणार नव्हता.

एक्स-रे खोलीबाहेर पेशंटची रांग लागली होती. फोन टेबलावर ठेवून ती आत गेली. एका आजोबांना तिने छाती टेकवून उभं केलं, खांदे पुढे घ्यायला लावले आणि काचेमागे येऊन उभी राहिली.

"श्वास भरून घ्या. रोखून धरा."

बटण दाबलं गेलं, फोटो निघाला. ती तशीच काचेकडे बघत राहिली.

"बाई, आता सोडू का?" आजोबांनी कसंबसं विचारलं.

ते बाहेर पडले तशी तिने फोनवर झडप घातली. ग्रुपवर नणंद होती. ती नवऱ्याबरोबर फिरायला गेली होती. तळ्याचा फोटो. खाली लिहिलेलं, "पाणी इतकं गार की बोट घालवत नाही." मग तेच तळं उजवीकडून, तेच डावीकडून. हॉटेलचा पडदा. बसमध्ये तोंड उघडं टाकून झोपलेले जावई. त्यानंतर काका, म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ. नव्या पुलाला दिलेला रंग कसा चुकीचा आहे यावर त्यांनी भलंमोठं मत लिहिलं होतं. ते संपत नाही तोच हल्लीच्या छत्र्यांवर दुसरं. सासऱ्यांनी स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा फोटो टाकला होता आणि मागोमाग दुरुस्त झालेल्या नळाचा.

तिच्या मेसेजबद्दल अवाक्षर नाही.

दर पेशंटनंतर ती फोन बघत होती आणि दर वेळी ढीगभर नवं काहीतरी येऊन पडलेलं असायचं. कुंड्या. जिन्यातली मांजर. नणंदेच्या हॉटेलातली चादर. पण तिचं नाव कुणी घेत नव्हतं. ही माणसं काही मनात ठेवणारी नव्हती. नणंद तर पहिल्यापासून फटकळ. एरवी तिने तिथल्या तिथे झाडून काढलं असतं. काकांनी प्रत्येक शब्दाचा कीस पाडला असता. तीच माणसं आज छत्र्या आणि चादरी दाखवत होती, म्हणजे त्यांचं ठरलं होतं. तिला वाळीत टाकलं होतं.

आणि सासूबाई? कुणी काहीही टाकलं की सगळ्यात आधी त्यांची फुलं यायची. आज एक पाकळीही नाही.

जेवणाच्या सुट्टीत तिने माफी लिहायला घेतली. लिहिली, खोडली. पुन्हा लिहिली. सासूबाईंनी वाचलाच नसेल, तर ही माफीच त्यांच्यापुढे सगळं उघडं करणार होती. तिने फोन उलटा ठेवला. डबा तसाच बंद केला.

ड्यूटी संपली. एरवी घरी जायला चालत फार वेळ लागत नसे. आज तिला रस्ता संपूच नये असं वाटत होतं. काय बोलायचं ते तिने मनात घोकलं होतं. जिना चढताना त्यातलं काही आठवेना.

सासूबाई दारात नव्हत्या. आत स्वयंपाकघरात भाजी निवडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली, तिच्या हातातल्या पिशवीकडे बघितलंही नाही.

"आलीस? बस. चहा ठेवते."

ती भिंतीशी, फ्रिजच्या आडच्या स्टुलावर टेकली.

"आई, तुम्ही आज ग्रुप बघितलात का?"

"छे गं. सकाळपासून नुसता टणटणतोय मेला. एवढं कोण वाचत बसणार? ठेवून दिलाय बाजूला."

तिचा जीव भांड्यात पडला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं. पाठमोऱ्या सासूबाई आधण ठेवत होत्या. त्यांचे खांदे आज तिला फार लहान वाटले. त्यांनी वाचलं नव्हतं, पण तिने लिहिलं तर होतंच.

"आई, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी चहा घे. मग काय ते सांग."

तेवढ्यात सासरे बाल्कनीतून आत आले. फोन हातभर लांब धरलेला, नजर त्यातच. फ्रिजच्या आड बसलेली सून त्यांना दिसली नाही.

"अगं, बोटं दुखायला लागली माझी," ते म्हणाले. "घरात फोटो काढण्यासारखं आता काही उरलं नाही. भाऊ म्हणतोय, त्याच्याकडे आणखी मतं नाहीत. पोरगी म्हणते, तळ्यालाही आता चारच बाजू. आता तरी पुरे का? तूच सकाळी एकेकाला फोन करून बजावलंस, ती घरी यायच्या आत तिचा मेसेज इतका वर गेला पाहिजे, की तो कुणी वाचलाच नाही असं तिला वाटावं."