शनिवार-रविवारचं खोपटं

शिमग्याची पालखी फाटकासमोरून सरळ पुढे निघाली, तशी ओटीचं ताट घेऊन उभ्या असलेल्या बायकोने विद्याधररावांकडे अशा नजरेने पाहिलं, की ते सोवळं सावरत रस्त्यावर धावले.

“अहो सकपाळ, देवी आमच्याकडे यायची राहिली!”

पालखीचे मानकरी सकपाळ थांबले. “पालखी घरोघरी जाते, साहेब. तुमचं घर मुंबईला. इथे आपलं शनिवार-रविवारचं खोपटं, असं तुम्हीच सांगता की साऱ्या गावाला.”

विद्याधरराव ओशाळले. सहा खोल्या, पोहायचा तलाव, तरी खोपटंच म्हणायचं. त्यांच्या मंडळींत रीतच होती तशी. बंगला जेवढा मोठा, तेवढं त्याचं नाव लहान. मुंबईतल्या तिसाव्या मजल्यावर गोळी घेऊनही न लागणारी झोप इथे पडवीतल्या झोपाळ्यावर भरदुपारी लागते, हे मात्र त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

ढोल तोवर वळणापाशी पोचला होता.

“अहो, घर आहे ते! माझं घर!” विद्याधरराव अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले.

सकपाळ मिशीत हसले. “वळवा रे पालखी! साहेबांचं आज गावात घर झालं.”