खोक्यावरचा नंबर

सुनेचा फोन पुन्हा टिंग करून वाजला आणि कात्रीबाईंनी गल्ल्यावर थाप मारली. सव्विसावी ऑर्डर. दुकान ऑनलाइन चढवून अजून चार तास झाले नव्हते. सून एकेक रीळ पाकिटात भरत होती, मुलगा चिकटपट्टी ओढत होता आणि कात्रीबाई खुर्चीत बसल्या बसल्या जगाला दोरा पुरवत होत्या. पाकिटांवरच्या गावांची नावं त्यांनी जन्मात ऐकली नव्हती. गल्लीत त्यांना कात्रीबाई हे नाव पडलं होतं ते दुकानातल्या कात्र्यांमुळे नव्हे, जिभेमुळे. आज मात्र जिभेलाही साखर लागली होती.

रस्त्याच्या टोकाला एक चकचकीत मोठं दुकान उघडलं आणि सुया, बटणं, दोऱ्याच्या या दुकानात माशा मारायचं काम उरलं. मुलानं महिनाअखेरची मुदत घातली होती. तोवर विक्री वाढली नाही तर शटर खाली, आणि आईनं घरी बसायचं. घरी बसून काय भिंतींना टोमणे मारायचे? शेवटी सुनेनं ही ऑनलाइनची वाट काढली. तिथले नियमही तिनंच वाचून दाखवले. नव्या दुकानानं पहिल्याच आठवड्यात चुकीचा माल पाठवला, तर खातं कायमचं बंद.

सकाळी अडलं होतं बारकोडपाशी. दोरा नावाजलेल्या कंपनीचा, म्हणून साइटवर नंबरही कंपनीनं छापलेलाच टाकावा लागतो. रिळाच्या बुडाशी चिकटवलेला बारकोड नखाएवढा, फोनच्या कॅमेऱ्याला काही केल्या सापडेना. शेजारी बारा रिळांचा खोका होता. त्यावर तळहाताएवढा ठसठशीत बारकोड. कात्रीबाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं, हा टाक म्हणाल्या. सून म्हणाली, रिळाचा नंबर वेगळा असतो, खोक्याचा वेगळा. दोरा एक, कंपनी एक, मग नंबर दोन कशाला, एका माणसाला दोन नाकं असतात का, असं सुनावून त्या चहा घ्यायला आत गेल्या. सुनेनं फोन पुन्हा हातात घेतला. चार वर्षांत तिनं सासूला कधी नाही म्हटलं नव्हतं.

आणि आता या ऑर्डरी. मालकिणीची नजर म्हणजे काय, हे कात्रीबाईंनी मुलाला तीनदा ऐकवलं.

सव्वीस पाकिटांचं पोतं घेऊन सून कुरिअरच्या ऑफिसात गेली. तेवढ्यात दोरा कंपनीचा सेल्समन आला. त्याच्यापुढे चहा ठेवून कात्रीबाईंनी सकाळचा पराक्रम तिखटमीठ लावून सांगितला. मोठ्या नंबरापाशी गोष्ट आली आणि त्याचा कप ओठाशीच थांबला.

"खोक्याचा नंबर टाकलात? अहो, नंबरावरून फोटो आपोआप येतो, मग गिऱ्हाइकाला तिथे बारा रिळांचा खोका दिसतो. किंमत कितीची टाकली?"

"एका रिळाची."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. कात्रीबाईंना हिशेब शाळेत कुणी शिकवला नव्हता, पण हा त्यांना क्षणात उमगला. म्हणून तुटून पडली होती माणसं. बारा रिळांची वाट बघणाऱ्या सव्वीस घरांत एकेक रीळ जाऊन पडणार. सव्वीस तक्रारी. खातं बंद. दुकान बंद.

त्या उठल्या त्या पळतच सुटल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात मुलाची. मागून मुलगा हाका मारतोय, त्यांना ऐकू कुठे येतंय. दहा वर्षांत त्या कोपऱ्याच्या पुढे चालत गेल्या नव्हत्या. न्हावी हातातला वस्तरा तसाच धरून दारात आला. एका सायकलवाल्यानं घंटी वाजवली, तर त्यालाच दम मिळाला, की मी दिसत नाही का, एवढी मोठी बाई.

पळता पळता मनात एक सोपी वाट उघडत होती. खातं सुनेच्या नावावर. नंबर टाकला सुनेनं. घोळ सुनेचा म्हणून मोकळं व्हायचं. नाहीतरी घरातलं दूध उतू गेलं, चावी हरवली, नळ चालू राहिला, चार वर्षांत सगळं तिच्याच पदरात पडत आलं होतं. आणखी एक पडलं तर कुणाला नवल वाटणार? पण सकाळी खोक्यावर ठेवलेलं ते बोट कुणाचं होतं, हे त्या बोटाला ठाऊक होतं.

कुरिअरच्या ऑफिसात रांग होती. पोतं काट्यावर चढलं होतं. कात्रीबाई रांग मोडून घुसल्या आणि दोन्ही हातांनी पोत्याला मिठीच मारली. कुरिअरवाला ओरडायला गेला, पण समोर कोण आहे ते पाहून त्यानं तोंड मिटलं. रांगेतली निम्मी माणसं त्यांच्याच गल्लीतली. धापा टाकत मुलगाही येऊन पोचला आणि सुनेला म्हणाला, काय करून ठेवलंस तू.

"तिला बोलू नकोस," कात्रीबाई म्हणाल्या. श्वास पुरत नव्हता, तरी आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला. "ही नको म्हणत होती. खोक्याचा नंबर मी टाकायला लावला. चुकलं ते माझं."

मुलगा आईकडे असा बघत राहिला, जणू ही बाई त्यानं आधी कुठेतरी पाहिली होती, पण कुठे ते आठवत नव्हतं.

सून कानापर्यंत लाल झाली. तिनं सासूची बोटं एकेक करून पोत्यावरून सोडवली.

"आई, पाकिटं जाऊ द्या," ती खालमानेनं म्हणाली. "मी भिंग लावून रिळाचाच नंबर टाकलाय. सकाळी मी तुमचं ऐकलंच नव्हतं."